सदूचं ड्रोन आणि माझ्या पोरीची हळद

सदू म्हात्रेबद्दल चार चांगले शब्द लिहायला बसलोय, आणि आत्तापासूनच माझ्या पोटात दुखतंय. खोटं कशाला बोलू? भाईंदर पूर्वेला अठ्ठावीस वर्षं मी लग्नांचं शूटिंग करतोय. खांद्यावर व्हीएचएसचा धोंडा घेऊन उभा राहिलोय, लोकांच्या आत्यांनी नेम धरून मारलेल्या अक्षता कॅमेऱ्याच्या काचेवरून पुसल्यात. नवघर रोडला माझा स्टुडिओ आहे. तरी हल्ली आत आलेलं गिऱ्हाईक बसायच्या आधी विचारतं, ‘ते सदूवालं ड्रोन मिळेल का?’

सदू इथल्याच खारी गावचा. असेल बेचाळीस-त्रेचाळीसचा. सडपातळ, डोक्यावर कायम टोपी, पायात रबरी चप्पल. या धंद्यात यायच्या आधी तो बारा वर्षं एका बँडबरोबर वरातीत दिव्यांची गाडी ढकलायचा. घोडा थांबला की गाडी थांबवायची, नवऱ्याचे मित्र नाचायला लागले की दोन पावलं मागे घ्यायची. एवढंच त्याचं शिक्षण. कॅमेऱ्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. कोणा तरी नातेवाइकाने दुबईहून ड्रोन आणून दिलं आणि सदूशेठ कलाकार झाले.

ड्रोन उडवायच्या दोन तऱ्हा. एक हाताने. दोन्ही अंगठे रिमोटच्या दोन दांड्यांवर, डोळा स्क्रीनवर, आणि काळीज घशात. ते शिकायला मला दोन वर्षं लागली आणि तीन ड्रोन गेले, त्यातलं एक खाडीत. दुसरी तऱ्हा अशी की स्क्रीनवर दिसणाऱ्या माणसाभोवती बोटाने चौकट काढायची आणि बटण दाबायचं. मग ड्रोन आपणहून त्या माणसाच्या मागे जातं. त्याला फॉलो मोड म्हणतात. मी त्याला आळशी मोड म्हणायचो. सदू कायम तोच वापरतो, आणि लोक नाव सदूचं घेतात.

त्याने काढलेला एक तुकडा मी अकरा वेळा पाहिलाय. मिठागराच्या बांधावरून एक नवरी चालली आहे. ड्रोन तिच्या पाठीमागून, जरा डावीकडून, खांद्याच्या थोडं वर. ती थांबली की ते थांबतं. ती वळून बघते, तेव्हा ते आधीच किंचित मागे सरलेलं असतं. कुठे झटका नाही, कुठे ती चौकटीबाहेर नाही. अकराव्यांदा मला शेवटच्या दोन सेकंदांत थोडा अंधार सापडला. त्या दिवशी मी जेवलो चांगला.

मग मीही तस्संच ड्रोन घेतलं. तेच मॉडेल, तोच मोड. वरसावेला पुलाच्या अलीकडे सायकलवाल्यांच्या एका ग्रुपचं काम मिळालं होतं. पुढच्या पोराभोवती चौकट काढली, बटण दाबलं. पन्नास मीटरवर एक दूधवाला मोटरसायकलवरून आडवा गेला आणि ड्रोन त्याच्या मागे गेलं. दूधवाल्याची फिल्म मात्र फार सुंदर निघाली. मी ड्रोन बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या, उन्हाला घातल्या, सायकलवाल्यांना तर तोंडावर घातल्या. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मला ठाऊक आहे. त्या दिवशी आठवली नाही.

शेवटी लाज सोडून मी त्याच्यावर पाळत ठेवली. लग्न ठरलेल्या एका जोडप्याचं शूटिंग तो मैदानात करत होता आणि मी चहाच्या टपरीआड उभा. पहिला पाऊण तास पठ्ठ्याने ड्रोन पिशवीतून काढलंच नाही. त्या दोघांना घेऊन सगळ्या वाटेवर चालत फिरला. वर बघून वायरी मोजल्या. झाड आलं तिथे चपलेने रेघ मारली आणि त्यांना म्हणाला, ‘हितून बाहेरशी जावा. झाराखाली गेलाव का त्याला तुमी दिसनार न्हाय.’ भिंत पिवळट होती आणि मुलीची ओढणीही, म्हणून ती बदलायला लावली. मग तिला एकटीला मधोमध उभं केलं, आजूबाजूची माणसं हाकलली, आणि ती स्थिर उभी असतानाच चौकट काढली. तो मुलगा विचारत होता, ‘अंकल, ये तो ऑटोमॅटिक है ना?’ सदू म्हणाला, ‘ऑटोमॅटिक हाय. पन यंतराला डोला हाय, डोका न्हाय. डोका आपला लावायचा.’

आणि मोड चालू असतानाही त्याचा अंगठा दांडीवरच होता. वळण यायच्या आधी तो ड्रोन जरासं वर घ्यायचा. बारा वर्षं गाडी ढकलून चालणाऱ्या माणसाची चाल त्याच्या अंगात मुरली होती. कोण कुठे थबकणार ते त्याला दोन पावलं आधी कळायचं. हे मला टपरीआडून स्पष्ट दिसलं आणि मी चहा अर्धा टाकून निघून आलो. शिकण्यासारखं होतं. पण ज्याच्याकडून शिकायचं तो सदू होता.

आता माझ्या मुलीचं सांगतो. समिधा माझी एकुलती एक. पाळण्यात होती तेव्हापासून तिचं सगळं माझ्या कॅमेऱ्यात आहे. पहिलं पाऊल, शाळेतला पोवाडा, दहावीचा निकाल बघतानाचा रडका चेहरा. काशीगावच्या दिपेशशी तिचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट होती. तिची हळद मी स्वतःच्या हाताने टिपणार. ते माझं होतं, दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

ती एका संध्याकाळी जेवताना म्हणाली, ‘पप्पा, हळदीचं शूटिंग सदूकाका करणार आहेत. मी बोललेय त्यांच्याशी.’

‘आणि मी काय, टाळ्या वाजवू?’

‘तुम्ही माझ्याबरोबर चाला ना. सगळ्यांच्या लग्नात तुम्ही कॅमेऱ्याच्या मागे असता. माझ्या हळदीत तरी माझ्या बाजूला असा.’

यातलं मला ‘सदूकाका’ तेवढं ऐकू आलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी ताटावरून उठलो. बायको शालू आतून म्हणाली, ‘अहो, जळताय कशाला? पिकतं तिथे विकत नाही, एवढं समजा आणि भात संपवा.’ मी भात संपवला नाही.

चार दिवस आधी सदू आमच्याकडे आला. बिल्डिंगपासून खारीतल्या गावदेवीच्या देवळापर्यंत चालत जायचं, नारळ ठेवायचा, आणि तिथून मैदानातल्या मांडवात यायचं, असा बेत होता. सदू ती वाट समिधाला घेऊन दोनदा चालला. मग शालूला म्हणाला, ‘वैनी, चारला निंगू. ऊन तिरपा असला का चेहरा चांगला येतो. मांडवाला मदी वरून कापर नको. आनि नवरीला येगला रंग घाला.’

शालूने त्याला कपाट उघडून दाखवलं. भाईंदर पश्चिमेच्या दुकानातून एकाच ताग्यातलं पिवळं कापड आणलं होतं. पस्तीस जणांच्या साड्या, कुर्ते, अगदी समिधाची साडीसुद्धा त्यातलीच. हल्ली हळदीला सगळ्यांनी एकसारखं नटायचं असतं, आणि शालूने ते मनावर घेतलं होतं.

सदू डोकं खाजवत म्हणाला, ‘पस्तीस मान्सा एका रंगाची? यंतर येरा व्हईल वैनी. पोरीच्या अंगावर लाल शाल तरी?’

‘हळदीला लाल शाल? काहीतरीच काय भावोजी!’

मी सोफ्यावर पेपर धरून बसलो होतो. सदू बरोबर बोलत होता हे मला कळत होतं. मी एक शब्द बोललो असतो तर शालूने ऐकलं असतं. मी पान उलटलं. दूधवाला आठवला, आणि मनात म्हटलं, त्याचंही तसंच होऊन जाऊ दे.

माझ्या वाटचा पिवळा कुर्ता मी घातला नाही. माझा शूटिंगचा चार खिशांचा निळा शर्ट घातला. या घरात खरा कॅमेरावाला कोण आहे, ते आलेल्या पाहुण्यांना कळू दे, म्हणून. शालूने कपाळावर हात मारला. समिधाने नुसता माझा हात धरला आणि आम्ही निघालो.

ताशा वाजायला लागला. पुढे आम्ही दोघं, मागे पिवळाधमक घोळका. ड्रोन आमच्या समोरून वर चढलं आणि पहिल्याच वळणावर जे व्हायचं ते झालं. माझी मेहुणी मृणालिनी गजरा आणायला घोळक्यातून बाजूला गेली आणि ड्रोन तिच्यामागे फुलवाल्याकडे गेलं. तिथेच वर घुटमळत राहिलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी मोठ्याने हसलो. समिधाला वाटलं मी ताशामुळे खूश आहे, तीही हसली.

पण ड्रोन परत आलं, आणि परत आल्यावर एकदाही चुकलं नाही. गल्ली अरुंद झाली, त्याने वायरींच्या वरून येऊन पुन्हा नेम धरला. घोळका नाचायला थांबला, ते थांबलं. पस्तीस पिवळ्या माणसांतून ते समिधाला कसं ओळखतंय, मला कळेना. सदूने तिच्या अंगाला काही लावलं की काय? की हाताने उडवतोय? मी मान वर करून बघत होतो. त्याचा कोन, त्याचं अंतर, त्याचं वळणं. देवळात बघत होतो, मांडवात बघत होतो. मधे समिधा काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, ‘काय?’ ती म्हणाली, ‘काही नाही पप्पा.’

लग्न झालं, पोर काशीगावला गेली. तिसऱ्या दिवशी सदू स्टुडिओत आला. म्हणाला, ‘समिधाला फिलम धारायच्या आधी तुमची नजर परू दे भाऊ. तुमी मोठे यातले.’ हे तो मनापासून म्हणाला, आणि त्याचाही मला राग आला.

त्याने फिल्म लावली. वळणापर्यंत समिधा मधोमध होती, मग मृणालिनी आणि फुलवाला. त्यानंतर चौकटीच्या मधोमध एक निळा शर्ट.

‘हा तर मी आहे,’ मी म्हणालो.

‘मंग! नवरी हरवत होती ना. मी बगला, सगल्यांत तुमी एकलेच निले, आनि पोर तुमचा हात सोरीत नव्हती. तुमालाच धरला. तुमी जिथं, पोर तिथं. थोरा मागं ठेवला म्हंजे दोगं मावता.’ त्याने टोपी सरळ केली. ‘कुटं चुकला का सांगा.’

कुठेही चुकलं नव्हतं. रागावर घातलेल्या माझ्या शर्टाने त्याचं काम सोपं केलं होतं. एवढी स्वच्छ फिल्म मी अठ्ठावीस वर्षांत केलेली नाही. मग हळूहळू मला दुसरं दिसायला लागलं.

प्रत्येक चौकटीत माझी हनुवटी वर होती. समिधा माझ्याकडे बघून काही सांगतेय, मी आकाशात बघतोय. देवळाच्या पायरीवर ती माझ्या पाया पडायला वाकली आहे, मी कौलांच्या वर बघतोय. ती थोडा वेळ तशीच वाकून राहिली आणि आपली आपण उठली. मांडवात माझ्या हातात हळदीची वाटी दिली आहे. तिने गाल पुढे केलाय, डोळे मिटलेत. मी वर बघत हात पुढे केला, आणि माझी बोटं तिच्या कानावर गेली. बायका हसल्या. ती पण हसली. मग तिने कानावरची हळद स्वतःच्या बोटांनी काढली आणि स्वतःच्या गालाला लावली. मी तेव्हाही वरच बघत होतो. हे सगळं घडलं तेव्हा मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो, आणि यातलं मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

फिल्म संपली. सदू माझ्या तोंडाकडे बघत बसला होता, शाबासकीची वाट बघत असावा.

‘सदू,’ मी म्हणालो, ‘कापून टाकलेलं काही आहे का? मी खाली बघतोय असं? तिच्याकडे. एक-दोन सेकंद असलं तरी चालेल.’

त्याला लगेच कळलं. इतका वेळ त्यालाही ते दिसलं असणार. तो टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाला, ‘न्हाय भाऊ. मी पन सोधला. पयल्यापासून शेवटपर्यंत, दोनदा बगला.’

माझ्या पोरीची हळद सदूने दोनदा बघितली होती. मी एकदाही बघितली नव्हती.