एक दाता डावीकडे

महालिंगच्या धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी गेवराईला एका लग्नाच्या पंगतीत बसलो होतो. "मास्तर, दादा गेला," एवढंच तो म्हणाला. पानावरून उठताना मनात आधी आली ती लाज, दुःख मागून आलं. नऊ दिवस मी महालिंगकडे फिरकलो नव्हतो. त्याचा राग निवळू दे, उद्या जाऊ... असं करत ते दिवस घालवले होते.

तेलगावात त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि संध्याकाळी त्याच्या बाकावर पुस्तक घेऊन बसायचो. जळालेली मोटार आली की तो आधी तिचा शाफ्ट, म्हणजे मधला फिरता आस, हातानं फिरवून बघे. "आधी हातानं इचारायचं, मग करंट द्यायचा," हे त्याचं शास्त्र. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. दुकान भाऊ बघू लागला, महालिंग घरी खुर्चीत. पुण्याच्या लेकीनं करमणुकीसाठी रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी पाठवली तेव्हा मी त्याची चेष्टा केली. "गप बे," तो म्हणाला, "तुझ्या पुस्तकापेक्षा लई बरी हाय. बोलावलं की येती तरी."

महिन्याभरात गाडीची पुढची चाकं वळेनाशी झाली. ती वळवायला आत काडेपेटीएवढी मोटार असते, तिला सर्वो म्हणतात. नवा सर्वो मागवला. तो हातात येताच महालिंगनं सवयीनं त्याचा शाफ्ट फिरवला आणि आतले प्लास्टिकचे दाते कट्‌कन तुटले. मग मी डबीतला कागद वाचून दाखवला : हातानं फिरवू नये. आधी वीज द्यावी, सर्वो आपोआप मध्यावर उभा राहतो. मग शाफ्टाच्या दात्यांवर चाकं वळवणारा छोटा दांडा सरळ बसवून स्क्रू आवळावा. "म्हंजे जल्मभर उलटं केलं म्हण की!" तो खदखदून हसला. त्याचं तसं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही.

दुसरा सर्वो आला. तो महालिंगला स्वतः बसवायचा होता, डाव्या हातानं. स्क्रू तिळाएवढा. तीन संध्याकाळी मी बघत होतो... स्क्रू पेचकसाच्या टोकावर धरायचा, भोकापाशी न्यायचा आणि तो खाली पडायचा. मी पुढे सरकलो की म्हणे, "हात लावू नको. हे जमलं तर पुन्हा दुकानात बसंन. न्हाई जमलं तर कळलं मला." चौथ्या संध्याकाळी तो आत अंघोळीला गेला. मला ते आणखी बघवेना. मी कागदाप्रमाणे दांडा बसवला, स्क्रू आवळला. दोन मिनिटांचं काम. तो बाहेर आल्यावर म्हणालो, "सहज बसला बघ."

त्यानं गाडी अंगणात सोडली. ती सुतासारखी सरळ गेली. त्यानं ती परत पायापाशी आणली आणि रिमोट खाली ठेवला.

"कावून केलंस बे हे?"

"तुला त्रास होत होता..."

"मला होत होता का तुला?"

त्यानं डाव्या हातात पेचकस घेतला आणि मी लावलेला स्क्रू सोडवू लागला. मी चपला घालून निघालो.

दिवसकार्य उरकल्यावर महालिंगच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, मला बोलावून घेतलं आणि ती गाडी पुढ्यात ठेवली. "तुमी गेल्यावर पाच दिवस तेच करीत होते. शेवटी टोकाला मेण लावून स्क्रू चिकटवला, तवा बसला. लई खूश होते. सोमवारपासून दुकानात जातो म्हणले. मास्तरला बोलव म्हणले... मी म्हणलं, येतील की आज-उद्या."

गाडी आता माझ्याकडे आहे. सोडली की हळूहळू डावीकडे ओढते. महालिंगनं बसवलेला दांडा शाफ्टावर एक दाता डावीकडे बसला आहे. रिमोटवर एक लहान कळ असते, ती जराशी फिरवली की गाडी सरळ धावते. गाडीबरोबरच्या कागदात तसं लिहिलेलं आहे. मी ती फिरवलेली नाही. संध्याकाळी अंगणात गाडी सोडतो आणि ती भिंतीपर्यंत पोचेस्तोवर रिमोटवरच्या अंगठ्यानं तिला थोडी उजवीकडे धरून ठेवतो.