हिराबाईच्या बेटावर (जवळजवळ)

आमच्या घराण्यात आजवर कोणीही बुडालेलं नाही. कारण कोणी पाण्यात गेलेलंच नाही! आमचं पाणी म्हणजे भाताच्या खाचरातलं, फार तर घोट्यापर्यंत.

तरी आई म्हणाली, "हिराकडं जायाचं."

हिराबाई म्हणजे बेटावरून येऊन कशेळ्याच्या बाजारात सुकट विकणारी कोळीण. तिची पाटी आणि आईची काकड्यांची पाटी वर्षानुवर्षं शेजारी-शेजारी. दोन पावसाळे झाले, ती आलीच नव्हती. फोनही लागत नव्हता.

"हाय का गेली, तेवडं बघून येऊ रं."

"तू फक्त बस. रस्त्याचं माझ्याकडं लागलं!" मी मोबाइल उंचावून म्हणालो.

लाँच दोन बेटांवर थांबते, एवढं धक्क्यावर कळलं होतं. पहिलं बेट दिसताच मी उठलो. "हेच!"

"इचार की कुणाला तरी."

"आई, नकाशा हाय माझ्याकडं!" (नकाशातला निळा ठिपका अजून भर समुद्रात होता. मी तो मनानेच किनाऱ्यावर आणला.)

हिराबाईसाठी आणलेली तांदळाची पिशवी डोक्यावर घेऊन मी ऐटीत उडी मारली आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलो. पाय निघाला, चप्पल नाही निघाली. मागून आई सावकाश उतरली, आणि लाँच निघून गेली.

बेटावर बहुतेक घरांना कुलपं. एका ओट्यावर एक म्हातारा जाळं विणत होता.

"हिराबाईचं घर कुठं?" आईने विचारलं.

"आदी टेका तरी!" म्हातारा म्हणाला. आतून म्हातारी पाणी घेऊन आली. मग चहा. मग मांदेली तळल्याचा वास. आईने पुन्हा विचारलं. म्हातारी म्हणाली, "जेवा, मग बगू." मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. (लाजत. नाहीतर पाच!)

हात धुतल्यावर म्हातारा हळूच म्हणाला, "हिराबाई हितं नाय. पलीकडच्या बेटाव ऱ्हाते."

"मंग आदी नाय का सांगायचं?" आई म्हणाली.

म्हातारी ताटं उचलता उचलता थांबली. "सांगितलं असतं, तर तुमी जेवायला थांबला असता? पोरं गेली शहरात. गणपतीपासून या घरात पावना नाय आला, बाय."

आईने पिशवीचं तोंड सोडलं. निम्मे तांदूळ तिने म्हातारीच्या डब्यात ओतले.

म्हाताऱ्याने आपल्या होडीतून आम्हाला पलीकडे सोडलं. होडी डुलली, मीही डुललो, आणि तिन्ही भाकऱ्या समुद्राला अर्पण केल्या.

"जपून रं," म्हातारा म्हणाला, "मासं बिचकतील!"

हिराबाई दारातच बसली होती. गुडघे गेले होते, होडीत पाय टाकता येत नव्हता. दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या. 

मग हिराबाईने विचारलं, "बाजारातली माजी जागा कुनी घेतली गं?"

"घेतंय कोन! मी काकड्या पसरून बसते दोगींच्या जागंत."

हिराबाईने पदराने डोळे पुसले. मग तिची नजर माझ्याकडे गेली. एक पाय अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल, तोंड पांढरंफटक.

"ह्यो तुजाच ना? काय करतो?"

आईने सुस्कारा सोडला.

"शाळंत पोरांना भूगोल शिकवतो."