येसाजीनं बांधलेली ठमीची तबकडी

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा येसाजी गणपती बांधायचा. बांधायचा म्हणजे घडवायचा नाही. घडवणारे पेणात कारखान्यात बसायचे, त्यांचं नाव व्हायचं. येसाजी त्या मूर्ती पेंढ्यात बांधून खोक्यात भरायचा आणि अंतोरा बंदरावर शिडाच्या मचव्यात चढवून मुंबईला धाडायचा. कच्च्या मातीचं काम ते, हात लागला तर मूर्तीचं बोट तुटतं. पण येसाजीच्या खोक्यातून निघालेल्या गणपतीचा दातसुद्धा कधी मोडला नाही.

त्याची रीत ठरलेली होती. आधी पेंढ्याची गादी. मग सोंड आणि पोट यांच्यामध्ये पेंढ्याची वळी, मग हात, मग कान. सगळं भरलं की खोक्याला कान लावून हळूच हलवायचा. आतून जरा खुट्ट झालं की म्हणायचा, "बोलतंय. सोडा परत." गडी वैतागायचे. मी एकदा म्हटलं, "अरे येसाजी, गणपती हाय का तान्हं पोर?" तर म्हणाला, "जनीबाय, पोर रडून सांगतं तरी. ह्यो काय सांगनार?"

आणखी एक गोष्ट त्याच्यापाशी पक्की होती. गणपतीचं खोकं मचव्याच्या तळात जायचं नाही. वर फळ्यांवर माणसं चालतात, मग देव त्यांच्या पायाखाली येतो. म्हणून खोकी वरती, सगळ्यात उंच जागी. पाऊस असो की लाट असो, ताडपत्री घाला, पण जागा वरचीच. त्यावरून तो मचवा हाकणाऱ्या तांडेलांशी भांडायचा. एरवी मऊ माणूस, पण ह्या गोष्टीला हटायचा नाही.

माझी बहीण ठमी धवलारीण होती. आमच्या आगऱ्यांच्या लग्नाला भटजी उशिरा आला तर चालतो, पण धवलारीण पाहिजेच. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला ती धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, लावते, तेव्हा तो विधी पुरा होतो. ठमीचा गळा असा की बायका हातातली कामं टाकून दाराशी यायच्या. मी थोरली, पण माझा गळा म्हणजे फुटका घडा. आईनं सगळं हिलाच दिलं, मला तोंड दिलं.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या साली पेणात एका लग्नाला मुंबईचा एक माणूस आला होता. त्याची गाण्याच्या तबकड्या काढायची छोटीशी कंपनी होती. ठमीचं ऐकलं आणि मागंच लागला. येसाजी तिला घेऊन मुंबईला गेला. परत आली ती हसतच. म्हणाली, "गो जनी, मेला म्हनतो तीन मिन्टांत धवला लाव. आपला धवला रात सरली तरी सरत न्हाय, आनि तीन मिन्टांत काय मी त्याचं डोंबल लावू?"

"मग काय केलंस?"

"नवरीचं नाव घेतल्याशिवाय धवला पुढं सरतो का? तितं नवरी कुठली? तो हात करतोय, घाई कर म्हनून. मी आपल्या राहीचंच नाव घेतलं."

राही तिची लेक. तेव्हा अंगणात भोवरा फिरवत होती, परकरही नीट सांभाळता येत नव्हता. मी ठमीला चांगली झापली. पोरीला अजून हळदीचा वास नाही आणि हिनं तिचा धवला लावला. हे काय बरं लक्षण? ठमी म्हणाली, "असू दे. लगीन व्हनारच हाय कवातरी. तयारी झाली."

ती तबकडी बाजारात काही आली नाही. कंपनीच बुडाली. माणूस बरा होता, त्यानं छापलेल्या थोड्याशा तबकड्यांतली एक ठमीला आणून दिली. येसाजीनं पेणातल्या एका वकिलाचा जुना फोनो मिळवला, कर्ण्याचा. गावातली पोरंटोरं कर्ण्यात डोकं घालून बघायची, ठमीमावशी आत कुठं बसलीय म्हणून. ठमी तिथंच चुलीपाशी भाकऱ्या थापत असायची.

मग ती तापानं गेली. पावसाळ्यात, खाडीला उधाण होतं, डॉक्टर आणायला होडी निघेना. जास्त काही सांगत नाही त्यातलं. सांगवत नाही.

त्यानंतर येसाजी दिवेलागणीला एकदा ती तबकडी लावायचा. एकदाच. दुसऱ्यांदा लाव म्हटलं तर ऐकायचा नाही, झिजेल म्हणायचा. दर वेळी नवी सुई. चावी द्यायचा, सुई टेकवायचा आणि दाराकडं तोंड करून बसायचा. ठमी राहीचं नाव घ्यायची त्या जागी राही पाणी भरत असली तरी थबकायची. आईनं हाक मारल्यासारखीच थांबायची ती. मी किती वेळा पदर तोंडाला लावून मागल्या दारी गेले असेन.

राहीचं लग्न ठरलं. मुलगा शिवडीचा, गोदीत कामाला, त्याचा बाप अंबाजी आमच्याच बाजूचा. लग्न त्यांच्या दारात करायचं ठरलं. बोलणी झाली, मानपान झाले, आणि येसाजीनं एकच मागणं घातलं. "पोरीचा धवला तिच्या आयेनं लावलेला हाय. हळदीला तोच लागंल."

अंबाजी म्हणाला, "फोनोचा धवला? लोक हसतील व्याही."

येसाजीनं हात जोडले. तांडेलांशी भांडणारा माणूस तो, कोणापुढं वाकताना मी त्याला पाहिला नव्हता. अंबाजीला कसंतरीच झालं. म्हणाला, "बरं, लावा. पन आमची भागुबाई बसंल बाजूला. मशिनीचा काय भरवसा?" भागुबाई त्यांच्याकडची धवलारीण.

निघायच्या आदल्या दिवशी येसाजी बांधायला बसला. त्या दिवशी त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. फोनोचा कर्णा काढून त्याच्या पोटात पेंढा भरला. आवाजाची डबी सोडवून फडक्यात गुंडाळली. चावी वेगळी. सगळं एका खोक्यात. तबकडीला मात्र वेगळं खोकं. ठमीचं लग्नातलं लुगडं काढलं, त्यात ती गुंडाळली, खाली गादी, वर गादी, कडेनं वळ्या. कान लावला. हलवलं. परत कान लावला.

"बोलतंय का?" मी विचारलं.

"न्हाय," म्हणाला. "गप हाय."

गणपतीच्या खोक्याला लावतो तसं त्यानं त्याला हळदकुंकू लावलं. राही बघत होती, ती आत निघून गेली.

वैशाख होता. मचवा कान्हा तांडेलाचा, लग्नाच्या माणसांसाठीच सांगितलेला, त्यामुळं दुसरा माल काही नव्हता. कान्हानं फोनोचं खोकं तळात ठेवलं आणि दुसऱ्याला हात घातला. "आन ते. खाली गार हाय. सगळं रिकामंच हाय."

येसाजी म्हणाला, "फोनो जाऊ दे खाली. ह्ये वर ऱ्हाईल."

"अरं पन गनपती न्हाय तो!"

"ठमी हाय ती," येसाजी म्हणाला. "तुमच्या पायाखाली घालू तिला?"

कान्हानं हात मागं घेतला. आम्हा बायकांचे डोळे भरले, मी पण म्हटलं, खरंच आहे. मागच्या बाजूला सगळ्यात उंच फळी होती तिथं त्यानं ते खोकं दोरीनं बांधलं. खारं पाणी उडेल म्हणून वर घोंगडं घातलं, काळं. आणि शेजारी आपण बसला.

धरमतरच्या खाडीतून बाहेर पडलो आणि वारा पडला. शीड नुसतं लोंबत होतं. दुपारभर मचवा एका जागी डुलत राहिला. फळ्यांना हात लावला तर पोळायचा. आम्ही शिडाच्या सावलीत सरकत होतो, राहीला तर मी तळात नेऊन बसवली. येसाजी उन्हात तसाच. टॉवेल भिजवून डोक्यावर घेतला होता. मी ओरडले, "मरशील रे, सावलीत ये." म्हणाला, "हितं बरा हाय." मध्येच घोंगडं नीट करायचा, कुठून पाणी शिरायला नको म्हणून.

शिवडीला मांडवात त्यानं खोकी उघडली. माणसं गोळा झाली होती. फोनो निघाला, एक चरा नाही. कर्णा लावला, डबी लावली. मग लुगडं उलगडलं.

तबकडी मोडली नव्हती. पण भाजताना वाकतो तसा पापड झाला होता तिचा. एक कड वर, एक खाली.

येसाजी हातात घेऊन नुसता बघत राहिला. मग सदऱ्यावर पुसली, जणू पुसून सरळ होईल. फोनोवर ठेवली, चावी दिली. सुई वरखाली व्हायला लागली. ठमीचा आवाज आला. आजारी माणसानं गावं तसा, मध्येच जाड, मध्येच बारीक, पण तीच. हसायला आलेले पण पुढं सरकून ऐकायला लागले. राही पाटावर, अंगाला हळद लावायला बायका हात बुडवून थांबलेल्या. नावाची जागा आली आणि सुई उडाली. पुढं कुठंतरी जाऊन पडली.

त्यानं उचलून परत मागं लावली. परत तिथंच उडाली. बोटानं धरून बघितलं, मग डबीवर नाणं ठेवून बघितलं. सगळं यायचं, नुसतं राहीचं नाव येत नव्हतं. घामानं त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. भटजी घड्याळ बघत होता.

शेवटी राही उठली. नवरीनं पाटावरून उठू नये, पण उठली. बापाच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, ऱ्हाऊ द्या. मी ऐकलंय ते."

भागुबाईनं धवला लावला. चांगला लावला, खोटं कशाला बोलू. हळद लागली, लग्न झालं.

दुसऱ्या दिवशी येसाजी मला घेऊन लालबागला एका फोनोवाल्याकडं गेला. त्यानं तबकडी डोळ्यासमोर आडवी धरली आणि म्हणाला, "उन्हात ठेवली होती काय? लाखेची असते ही. मऊ पडते."

"लाख?" येसाजीनं विचारलं. "सोनार दागिन्यात भरतो ती?"

"तीच."

सोनाराकडं निखाऱ्यावर लाख पातळ होताना आम्ही दोघांनी हजारदा बघितली होती. सरळ होईल का म्हणून विचारलं, तर फोनोवाला म्हणाला, पुन्हा ऊब दिली तर आहे तेपण जाईल. दुकानाच्या पायरीवर येसाजी बसला. म्हणाला, "जनीबाय, कान्हा म्हनत व्हता. खाली गार हाय म्हनत व्हता." मी त्याच्या शेजारी बसले. माती उन्हात वाळते आणि टिकते, जन्मभर त्यानं मातीच बांधली.

गणपती बांधणं त्यानं सोडलं नाही. देव वरच चढवायचा, पहिल्यासारखाच. फक्त दुसरं कुणी काही बांधायला आणलं, बरणी, आरसा, काहीही, तर आधी विचारायचा, "ह्ये कशाचं केलेलं हाय?" नीट सांगता आलं नाही तर हात लावायचा नाही. लोक म्हणायचे, येसाजी म्हातारपणी तऱ्हेवाईक झाला. मी त्यांना गप्प करायची.

आणि दिवेलागणीला तबकडी लावायचा. मी शेजारीच, मला भिंतीतून ऐकू यायचं. ठमी वरखाली गात गात त्या जागेपर्यंत यायची, सुई उडायची, आणि तेवढ्यात येसाजी आपल्या तोंडानं म्हणायचा, "राही." बायकांच्या गाण्यात पुरुषानं तोंड घालू नये म्हणतात आमच्यात. पण त्याला कोण बोलणार? रोज न चुकता ती जागा तो भरायचा.

बासष्टच्या दिवाळीनंतर तो अंथरुणाला खिळला. राही शिवडीहून आली, कडेवर पोर घेऊन. बापाला शुद्ध होती, बोलता येत नव्हतं. दिवेलागण झाली तशी तिनंच फोनो काढला, चावी दिली, नवी सुई लावली. येसाजीचे डोळे कर्ण्याकडं. ठमी गात गात त्या जागेला आली. येसाजीचे ओठ हलले. राहीनं कान त्याच्या तोंडाशी नेला, तो खोक्याला लावायचा तसा.

आवाज आला नाही. सुई उडाली आणि राहीच्या नावाविनाच धवला पुढं गेला. मी उठून फोनो बंद केला.