बाहीपुरता कच्चा टाका

पेडण्याच्या बाजारातून देवळाकडे जाताना उजव्या हाताला सुमंगलाचे घर होते. पुढच्या खोलीत खिडकीजवळ तिचे शिवणयंत्र. नवरा पांडुरंग वास्कोच्या बंदरात कामाला होता आणि आठवड्याने घरी येई. सुमंगला गावातल्या बायकांच्या चोळ्या शिवायची, पण तिचे नाव झाले होते ते नाटकांच्या कपड्यांमुळे. जत्रेच्या दिवसांत आसपासच्या गावांतली नाटकमंडळी तिच्या दारात रांग लावत. राजाचा अंगरखा असो की राणीचा घागरा, सुमंगला बघता बघता उभा करी.

वत्सला तिच्याकडे आली ती सुर्ल्याहून. खाणीवर माल भरायच्या कामाला होती. तिथल्या मुकादमाने एके दिवशी तिचे वाटोळे केले. तक्रार झाली, चौकशी झाली, आणि मुकादमाची फक्त बदली झाली. वत्सलेचा भाऊ दत्ताराम हा पांडुरंगाच्या लांबच्या नात्यातला. तो तिला घेऊन आला आणि उंबऱ्यावरच म्हणाला, "वैनी, हिका तुमच्याकडे ठेवा. तिकडे सगळे तिच्या तोंडाक बघतत."

सुमंगलाने तिला आत घेतले. जेवायला वाढले, आणि दुसऱ्या दिवशी हातात सुई दिली. वत्सला आधी नुसती हुकं लावायची. मग हातशिलाई करू लागली. बोलायची कमी, पण टाका असा घालायची की सुमंगलाला उसवावा लागत नसे.

एकदा साखळीला एका बारशाला दोघी गेल्या होत्या. तिथल्या बायकांनी सिनेमाला चला म्हणून आग्रह केला. सिनेमा चांगला होता, गाणी होती. मध्येच एका मुलीला गुंड गोदामात ओढून नेतो असा प्रसंग आला. तिचा पदर गेला, चोळी फाटली, आणि कॅमेरा जवळ जवळ जाऊ लागला. पुढच्या बाकांवरून शिट्ट्या सुरू झाल्या. कोणीतरी "आनी फुडे!" म्हणून ओरडला. बाकीचे हसले. सुमंगलाने शेजारी पाहिले तर वत्सलेची जागा रिकामी. बाहेर नळापाशी ती तोंडावर पाणी मारत होती, पुन्हा पुन्हा.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "वैनी, त्या दिसा खाणीर कोणी बघलां असतां, तर त्यानाय शिट्टीच मारल्यान असती मां?"

सुमंगलाने वत्सलेचा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. त्यानंतर बराच काळ वत्सला सिनेमाला म्हणून गेली नाही.

मांडवी नदीवरचा जुना पूल अजून कोसळला नव्हता त्या काळातली गोष्ट. केरीच्या किनाऱ्यावर मुंबईची सिनेमा कंपनी उतरली. त्यांचा माणूस सुमंगलाचे नाव ऐकून पेडण्यात आला. हिरव्या रंगाच्या एकसारख्या चोळ्या हव्या होत्या. "हिरॉइनच्या बहिणीवर जबरदस्ती होते तो सीन आहे," तो सहज म्हणाला. "दर टेकला एक फाटणार. खांद्याला आणि पाठीला कच्चा टाका मारा. एका झटक्यात सगळं सुटलं पाहिजे."

तो गेल्यावर वत्सलेने सुया टोचायच्या गादीत सुई खोचून ठेवली. "मी ह्यां शिवूचंय नाय, वैनी."

"मग मीय शिवूचंय नाय," सुमंगला म्हणाली. कापड परत पाठवायचे म्हणून तिने घडी घालून बाजूला ठेवले.

पण संध्याकाळच्या आधी त्या सीनमधली मुलगी मापाला आली. पद्मावती तिचे नाव. कोल्हापूरकडची, नाटकात कामे केलेली, आणि सिनेमात पहिल्यांदाच. माप देताना तिच्या दंडांवर काटा उभा राहिला होता.

"फक्त बाही फाटेल, असं सांगितलंय मला," ती आपणहून म्हणाली. "मी तेवढ्यालाच हो म्हटलंय."

सुमंगला आणि वत्सलेने एकमेकींकडे पाहिले. सांगावे की नाही? शेवटी सुमंगलाने खांद्याच्या आणि पाठीच्या टाक्याचे सांगितले. पद्मावती मटकन स्टुलावर बसली. "आता नाही म्हटलं तर उद्या दुसरी कोणीतरी माझ्या जागी उभी करतील," ती म्हणाली. "आणि पुढे मला कोण बोलावणार?"

वत्सलेने चहाचा कप तिच्या हातात दिला आणि खाली तिच्या पायांशी बसली. तिने आपली सुर्ल्याची हकीकत सांगितली. सुमंगलालाही तिने ती अशी अथपासून इतिपर्यंत कधी सांगितली नव्हती. साखळीच्या शिट्ट्यांचेही सांगितले. पद्मावती रडली. वत्सला रडली नाही.

मग सुमंगलाने घडी घातलेले कापड परत उलगडले. "बाय, तुका जितक्यां सांगलां, तितक्यांच फाटतलां. बाकीचां आमी बघतों."

चोळ्या दोघींनी मिळून शिवल्या. बाहीपुरता कच्चा टाका ठेवला. खांद्याला आणि पाठीला दुहेरी शिवण घातली, आतून मांजरपाटाचे अस्तर दिले. पांडुरंग सुट्टीवर आला तेव्हा सुमंगलाने त्याला भीतभीतच सांगितले. कंपनी मोठी, कामे पुढेही मिळाली असती. तो मासळी निवडत होता. मान वर न करता म्हणाला, "काम गेलां तर जावंदे. तुका झोप लागाक व्हयी." त्याच्या त्या एका वाक्याने तिला किती धीर आला, हे ती पुढे आयुष्यभर सांगत असे.

शूटिंगला सुईदोरा घेऊन दोघींना बोलावले होते. सुरूच्या बनात एक खोपटे उभारले होते. गुंडाचे काम करणारे रामचंद्रराव वयस्क नट होते. पडद्यावर त्यांना बघून पोरे घाबरत, पण इथे ते पद्मावतीला आधी विचारत होते, "बाळ, हात इथे धरला तर दुखणार नाही ना?"

पहिल्या झटक्यात बाही सुटली. दिग्दर्शक ओरडला, "पाठ, पाठ!" रामचंद्ररावांनी खांद्याला हात घातला आणि जरा ओढले. शिवण हलली नाही. त्यांच्या ते लक्षात आले. त्यांनी हात काढून घेतला.

दिग्दर्शक तरातरा सुमंगलाकडे आला. "बाई, तुम्हाला काय सांगितलं होतं?"

सुमंगलाने सुटलेली बाही उचलली. "तिका बाहीचां सांगललां," ती म्हणाली. "म्हणान बाहीच कच्ची ठेवली."

"ब्लेड आणा," तो मागे वळून म्हणाला.

तेव्हा पद्मावती उठली. "मला जेवढं सांगितलं होतं तेवढंच मी करणार, सर."

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. तो काही वाईट माणूस नव्हता, आणि थट्टाही करत नव्हता. "अहो, अन्याय दाखवायचाय मला! हे दाखवलं नाही तर लोकांना चीड येणार कशी?"

उत्तर वत्सलेने दिले. चारचौघांत ती बोलेल असे सुमंगलाला स्वप्नातही वाटले नसते. "अन्याय तिच्या तोंडार दिसतलो, बाबा. आंगार कित्याक सोधतास?"

"तुम्हाला सिनेमा कळत नाही, बाई."

"मला कळतो ना," रामचंद्रराव म्हणाले. ते वाळूत बसले होते. "असले सीन मी खूप केलेत. लोकांनी माझ्यावर थुंकायला हवं तिथे ते शिट्ट्या मारतात. म्हणजे मी गुंड झालो की त्यांचा पुढारी झालो? आज माझ्याकडून एवढंच होईल."

ऊन उतरत चालले होते. शेवटी चिडूनच दिग्दर्शकाने कॅमेरा बाहेर नेला. खोपट्याचे दार आपटून बंद होते तेवढेच घेतले, आणि त्यानंतर पद्मावतीचा चेहरा. जाताना पद्मावतीने दोघींना मिठी मारली. "तुम्ही आधी बोललात म्हणून माझ्या तोंडून शब्द फुटला," ती म्हणाली.

कंपनीने सुमंगलाला पुन्हा काम दिले नाही. सिनेमा लागला तेव्हा बसस्टँडच्या भिंतीवर फाटक्या बाहीचाच फोटो, माणसापेक्षा मोठा. सुमंगला ते बघून संतापाने घरी आली. "बघ, आमी केलां काय आणि ह्यांनी चिकटवल्यांनी काय!"

वत्सला म्हणाली, "चला, साखळेक जावया. आत काय दाखवतत तां तरी बघूया."

तेच थिएटर. गुंडाचा हात बाहीला लागताच शिट्ट्या आल्याच. दार बंद झाले तेव्हा एकजण "उगड रे!" म्हणून ओरडला, थोडे हसणे झाले. मग पडद्यावर पद्मावतीचा चेहरा आला आणि तो हलेना. हसणे मध्येच तुटले. मागे बायकांच्या बाजूला कोणीतरी हुंदका दिला. पुढच्या बाकांवर कोणी हूं की चूं केले नाही. सुमंगलाने भीतभीत शेजारी पाहिले. वत्सला जागेवर होती. ती शेवटपर्यंत बसली, आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "भूक लागली, वैनी."

दोघींनी स्टँडजवळ पाव-भाजी खाल्ली. सुमंगला सांगे की इतकी गोड भाजी तिने पुन्हा कधी खाल्ली नाही.

वत्सला पुढे सुर्ल्याला परत गेली, आपले शिवणयंत्र घेऊन. गावातल्या एखाद्या मुलीवर तसा प्रसंग आला की पोलिसांकडे तिच्याबरोबर जाणारी बाई म्हणून लोक तिला ओळखू लागले. पद्मावती सिनेमात फार टिकली नाही. नाटकात मात्र गाजली. कोकणात प्रयोग असला की पेडण्याला उतरायचीच.

बऱ्याच वर्षांनी रामचंद्रराव वारल्याची बातमी आली. पेपरात त्यांचा गुंडाच्या वेशातला फोटो होता. सुमंगलाने तो कापून देवघराशेजारी लावला आणि पुढे दिवा ठेवला. शेजारची रुक्मिणी बघतच राहिली.

"गे, त्या दुष्टाक कसलो दिवो लावतंस?"

"दुष्टपणा तो पोटासाठी करी," सुमंगला वात पुढे सारत म्हणाली. "माका तो आमच्या बाजून वाळूत बसललो म्हायत आसा. बस गे, तुका सांगतंय."