मेंढपाळाची लेक न्यायासनावर

कौसाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबडच्या कोर्टात उलटतपासणीला उभा राहणार होतो. न्यायाधीशांनी विचारलं, "पुढची तारीख घ्यायची का?" मी नको म्हणालो. पुढची तारीख मागणारा वकील ताईंना कधीच आवडला नाही...

मी त्यांचा पहिला ज्युनिअर. मेंढपाळाच्या घरातली ही मुलगी अंबडला नागरी हक्कांचे खटले लढायची आणि औरंगाबादला उच्च न्यायालयाचं खंडपीठ झाल्यावर तिथंही उभी राहू लागली. एकदा बदनापूरकडची तीन मेंढपाळ माणसं चोरीच्या संशयावरून उचलली गेली आणि कोर्टापुढे हजर न करता कोठडीत ठेवली गेली. ताई थेट खंडपीठात गेल्या. सरकारी वकील म्हणाले, "ही माणसं एका जागी राहत नाहीत, सोडली तर सापडणार नाहीत." ताई शांतपणे म्हणाल्या, "माझा बापही एका जागी राहत नव्हता, मायलॉर्ड. त्याच्याच मागं चालत मी इथवर आले." त्या तिघांना तिथल्या तिथे सोडण्याचा हुकूम झाला. बाहेर आल्यावर त्यातला म्हातारा भांबावून म्हणाला, "बाई, आता कुठं जायचं?" ताई हसल्या. "जिकडं मेंढरं हायेत तिकडं. आता कुणी अडवत न्हाई."

पुढं काही वर्षांनी त्याच उच्च न्यायालयावर न्यायमूर्ती म्हणून त्यांची नेमणूक झाली. अंबडमध्ये हलगी वाजली, कोर्टाच्या आवारात पेढे वाटले गेले, विरोधात लढलेले वकीलही हार घेऊन आले. गर्दीतून वाट काढत आम्ही त्यांच्या आईकडं गेलो. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आता तू आपल्या लोकांची बाजू मांडायची न्हाईस?"

"न्हाई माय. आता दोघांचंबी ऐकायचं."

"बराबर ऐक मंग. गरीब माणूस हळू बोलतो."

न्यायासनावर ताई कायम किंचित पुढं झुकून बसायच्या. वकिलांना ती लकब वाटायची. मला ठाऊक होतं, ती आईची आज्ञा होती. त्यांनी दिलेले निकाल आज आमचे तरुण वकील छाती पुढं काढून वाचून दाखवतात.

अंबडच्या वकील कक्षात खिडकीजवळ त्यांची जुनी लाकडी खुर्ची आहे. परवा एक मेंढपाळ बाई आली आणि दाराशीच उकिडवी बसली. मी म्हणालो, "मावशी, त्या खुर्चीवर बसा."

"कुणाची हाय?"

"आमच्या जजबाईंची."

"आन् मी कशी बसू तिच्यावर?"

"त्यांच्या घरची माणसंबी मेंढरं राखायची, मावशी."

बाईनं एकदा खुर्चीकडं पाहिलं. पदर सारखा केला, खुर्चीवर नीट टेकून बसली आणि मोठ्या आवाजात आपली तक्रार सांगू लागली.