जुनं टार्बर कुठे गेलं

सोनालीच्या बाळंतपणासाठी जनाबाई अमेरिकेला निघाल्या, तेव्हा शहापूरच्या बाजारात ज्याला त्याला सांगत होत्या की पोरगी तिकडे शहरात राहते. त्यांच्या डोळ्यांसमोर शहर म्हणजे कल्याण होतं. जावई अनिल मूळचा मुरबाडचा, तिकडे एका यंत्रांच्या कारखान्यात इंजिनीअर. विमानतळापासून त्याने बराच वेळ गाडी हाकली. दोन्हीकडे नुसता मका. शेवटी एक चढ लागला, चढाच्या डोक्यावर हिरवी पाटी आली आणि अनिलने ती वाचून दाखवली: न्यू टार्बर शहर, लोकसंख्या दोन हजार एकशे चाळीस.

जनाबाईंना वाटलं, जावई थट्टा करतोय. एवढी माणसं तर आपल्याकडे एखाद्या लग्नाला जमतात. अनिल म्हणाला, इथे माणसं किती यावर शहर ठरत नाही, स्वतःचा कारभार, स्वतःचा नगराध्यक्ष असला की झालं शहर. घरी पोचेपर्यंत रस्त्यावर एक माणूस पायी चालताना दिसला नाही. इथे काही साथबिथ आली होती का, असं जनाबाईंनी सोनालीला हळूच विचारलं.

बाळ झालं. मुलगी. शेकशेगडी, तेलपाणी, डिंकाचे लाडू, सगळं त्यांनी हौसेने केलं. दुपारी बाळ निजलं की त्या फिरायला निघत. गाव डोंगरमाथ्यावर सपाटीला वसलेलं होतं. रस्ते दोरी धरून आखल्यासारखे सरळ. खाली पूर्वेला मोठं तळं, त्याच्या टोकाला धरणाची भिंत. जन्म शेतात गेलेल्या जनाबाईंना एक गोष्ट खटकत राहिली. गावातली सगळी झाडं एका वयाची होती. जुनं, पोखरलेलं, पारंब्या सुटलेलं असं एकही झाड नाही. त्यांनी सोनालीला विचारलं, न्यू म्हणजे नवं ना? मग जुनं टार्बर कुठे आहे? सोनालीला ठाऊक नव्हतं. तिला आणि अनिलला इथे येऊन दोनच वर्षं झाली होती.

ऑक्टोबरात धरणाच्या दरवाजांची दुरुस्ती निघाली म्हणून तळ्याचं पाणी सोडून देण्यात आलं. शेजारी रूथ नावाची ऐंशी ओलांडलेली बाई एकटी राहायची. एका रविवारी तिने दार वाजवलं आणि म्हणाली, चला, जुनं गाव वर आलंय.

काठावर माणसंच माणसं होती. इतकी माणसं या शहरात आहेत, हे जनाबाईंना त्या दिवशी कळलं. लोकांनी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, थर्मासातून कॉफी पीत होते. आणि समोर चिखलातून एक रस्ता निघाला होता. रस्त्याला कडेचे दगड होते. पुढे एक कमानीचा पूल होता, त्याच्या अलीकडे दगडी पायऱ्यांची रांग. पायऱ्या वर चढत होत्या आणि संपत होत्या. वर घर नव्हतं.

जनाबाई मटकन खाली बसल्या. लुगडं चिखलात गेलं तरी त्यांना कळलं नाही. सोनालीला वाटलं साखर कमी झाली. बाळाला अनिलकडे देऊन ती धावली. पायऱ्यांकडे बघत जनाबाई म्हणाल्या, "आमचं पन असंच गेलं गो."

"काय गेलं, आये?"

"गाव. साकडपाडा. धरनात."

सोनालीच्या लेखी आईचं माहेर मुरबाडकडचं, मामाच्या घराचं. त्याआधी एक गाव होतं, हे तिला तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. जनाबाई नऊ वर्षांच्या असताना त्यांच्या बापाने घराची कौलं उतरवून बैलगाडीत भरली, वासे काढले आणि सगळ्यांना घेऊन बहिणीच्या गावाला, मुरबाडच्या बाजूला गेला. त्यानंतर त्याने गावाचं नाव घेतलं नाही आणि घरात कुणाला घेऊ दिलं नाही. पुढे जनाबाईंना शहापूरला दिलं, धरण तासाभराच्या वाटेवर होतं, पण त्या कधी तिकडे फिरकल्या नव्हत्या.

रूथ सांगत होती, सोनाली मराठीत सांगत होती. रूथ सात वर्षांची असताना तिचं लाकडी घर खालच्या गावातून उचललं, चाकांवर ठेवलं आणि ओढत वर आणलं. ती आज राहते तेच ते घर. जनाबाईंना ते खरंच वाटेना. त्यांनी सोनालीला पुन्हा विचारायला लावलं. घरच नाही, रूथ म्हणाली, मेलेली माणसंसुद्धा उकरून वर आणली आणि नव्या दफनभूमीत पुरली.

जनाबाईंना आपला आजा आठवला. त्याला जिथे अग्नी दिला, तिथे आता किती पाणी असेल, कुणास ठाऊक. मग त्यांनी विचारलं, तुझ्या गावातली सगळी माणसं वर आली का?

रूथने त्या पायऱ्यांकडे बोट केलं. जुन्या गावात सहा हजार वस्ती होती, ती म्हणाली. पायऱ्यांच्या वर खाणकामगारांच्या चाळी होत्या. ते भाडेकरू, जमीन त्यांच्या नावावर नाही, म्हणून त्यांना काहीच मिळालं नाही. ते एका हिवाळ्यात निघून गेले. त्यात रूथच्या वर्गातली एक मुलगी होती. ती कुठे गेली, ते आजतागायत कुणाला माहीत नाही.

जनाबाईंनी रूथचा हात धरला. काठावर फोटो काढणारी माणसं होती, पोरं चिखलात पळत होती. या दोघी तशाच बसून राहिल्या.

मायदेशी परतल्यावर जनाबाईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर धाकटा भाऊ कोंडू याच्यामागे लकडा लावला, की मे महिन्यात धरणावर ने. गाव सुटलं तेव्हा कोंडू तीन वर्षांचा. त्याला कशाचीच आठवण नव्हती. तो म्हणाला, "काय बघायचंय तितं? पानीच हाय." पण शेवटी मोटारसायकलवर घेऊन गेला.

पाणी उतरलं होतं. काठाला भेगाळलेला गाळ, त्यात जुनी खोडं. जनाबाई उभ्या राहिल्या आणि घाबरल्या. त्यांना काहीच ओळखता येईना. घर डोळ्यांसमोर लख्ख होतं, ओटी, चूल, मागचं फणसाचं झाड. पण ते कुठे होतं? लहानपणी खालून मान वर करून पाहिलेले डोंगर आता पाण्यात बुडून टेकाडं झाले होते. रूथने पायऱ्यांकडे बोट करून दाखवलं होतं. इथे बोट कुठे करायचं? कोंडू म्हणाला, तिकडे डावीकडे असेल. जनाबाई म्हणाल्या, नाय, समोर. दोघं भांडले. मग जनाबाईंनी अंदाजानेच एका जागी पाण्यात फुलं सोडली.

परतताना त्यांनी कोंडूला गाडी मुरबाडकडे घ्यायला लावली. तिथे धोंडीआत्या होती, बापाची बहीण. ऐकू कमी यायचं, पण डोकं शाबूत. जनाबाईंनी तिच्या कानाशी बसून सगळं सांगितलं, कुठे उभ्या होत्या, समोर कुठलं टेकाड होतं ते.

आत्याने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "तितं आपलं गाव नव्हतंच गो. ते दुसऱ्यांचं. आपला पाडा पलीकडच्या अंगाला."

कोंडू हसायला गेला, पण बहिणीचा चेहरा बघून थांबला. कुणाच्या तरी गावावर त्यांनी आपली फुलं वाहिली होती. पलीकडे जायला रस्ता आहे का, त्यांनी विचारलं. गाडीरस्ता नव्हता. पायवाट होती, जंगलातून, अर्ध्या दिवसाची.

आत्याने काठी मागितली. तिला चालवणार नाही हे तिघांनाही माहीत होतं. तरी ती उठून दारापर्यंत आली आणि काठीच्या टोकाने अंगणातल्या मातीत रेघा ओढू लागली. ही नदी, हा ओढा, हे आपलं दार. जनाबाई तिच्याशेजारी खाली बसल्या आणि विचारू लागल्या, दाराचं तोंड कुठल्या दिशेला होतं?