नागम्माअक्काच्या वाकड्या रायफली

नागम्माअक्कानं पाण्याच्या टँकरला गोळी घातली, ही बातमी आमच्या गावातून उदगीरला आणि उदगीरहून मुखेडला एसटीच्याही आधी पोचली. मुखेडच्या बाजारात तर तिनं ड्रायव्हरलाच उडवलं होतं. त्या दुष्काळाच्या वर्षी ड्रायव्हर उडवला असता तर लोकांनी एकवेळ माफ केलं असतं. टँकरला भोक पाडलं म्हटल्यावर मात्र बायका घागरी घेऊनच तिला जाब विचारायला निघाल्या.

खरं इतकंच, की गोळी झाडली ती डालड्याच्या रिकाम्या डब्यावर, आणि तीही फौजदारसाहेबांनी झाडायला सांगितली म्हणून. टँकर त्या दिवशी गळत होता, हाव. पण तो गळत नव्हता कधी? टाकीच्या बुडाला ड्रायव्हर साबणाची वडी थापून यायचा, वडी विरघळली की धार सुरू. आता बातमी पसरवली कुणी, हे मला विचारू नका. मी चावडीवर फक्त एवढंच म्हणालो होतो, की तळ्यात गोळी सुटली आणि वेशीत टँकर गळतोय. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

नागम्माअक्का आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. बिदरकडची लेक. चौदाव्या वर्षी लगीन होऊन इथं आली. मराठी आपल्यासारखीच बोलते, पण संताप आला की कानडीवर जाते. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि घर असं सोवळं, की उंबऱ्याच्या आत अंड्याचं टरफलसुद्धा कधी गेलं नाही. आणि अशा घरात पाच रायफली! त्याला कारण तिचा नवरा, पंचाक्षरी अप्पा.

अप्पांचं उदगीरला दुकान होतं. स्टो, पेट्रोमॅक्स, घड्याळं, जे बिघडेल ते. निजामाचं राज्य गेलं, पाठोपाठ जागिरी गेल्या, आणि जागीरदारांच्या भिंतीवरच्या रायफली दुरुस्तीला म्हणून अप्पांच्या दुकानात उतरल्या. दुरुस्त झाल्यावर पुष्कळ मालक त्या परत न्यायच्याऐवजी विकूनच मोकळे झाले. अप्पांनी रीतसर परवाने काढले आणि पंचवीस वर्षांत पाच जमवल्या. त्यातल्या दोन देखण्या, दस्त्यावर पितळी नक्षी, नेमाला सुतासारख्या सरळ. उरलेल्या तिघींत काही ना काही खोड. एकीचा दस्ता फुटून तारेनं बांधलेला, एकीचा चाप सैल, आणि तिसरी मार्टिनी नावाची जुनी विलायती. एका वेळी एकच काडतूस घेणारी, पहारीएवढी जड, आणि गोळी हमखास उजवीकडं फेकणारी.

शिकारीचं नाव काढायची सोय नव्हती. घरात उंदीर सापडला तरी अप्पा पिंजरा घेऊन वेशीबाहेर जायचे, उंदीर सोडायचे, आणि परत येईपर्यंत तो उंदीर त्यांच्या आधी कणगीत पोचलेला असायचा. अप्पांचा नेम फुटक्या गाडग्यांवर. दर अमावास्येला दुकान बंद, आणि तळ्याच्या बांधाखाली दिवसभर बार. अक्का भाकरी घेऊन जायची आणि बांधावर बसून तोंड सोडायची.

“दुसऱ्याची माणसं बाजारातून गाडगी घेऊन येत्यात. आमचा माणूस घरातली घेऊन जातोय.”

पुढं अप्पांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. घड्याळात त्यांना दोनाचे चार काटे दिसायला लागले. पण गावाला सांगतील तर ते पंचाक्षरी अप्पा कसले! अमावास्या चालूच. मला हे कळलं ते शेळी हुडकायला बांधावर गेलो म्हणून. बघतो तर अक्का मातीत मांडी घालून बसलेली, पदराची चुंबळ करून खांद्यावर ठेवलेली, चुंबळीवर मार्टिनीचा दस्ता. मागं अप्पा उभे, आकाशाकडं तोंड करून सांगतायत, “श्वास सोड. सगळा सोड. आता ओढ.” धडाड्! पलीकडं गाडग्याचा चुरा.

दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या ओट्यावर अप्पा सांगत होते, “काल सातांतली सहा फोडली.” अक्का समोरच्या गिरणीत दळणाला उभी होती. ऐकलं आणि पीठ चाळावं तसं ते वाक्य खाली पडू दिलं.

मी संध्याकाळी भिंतीवरून विचारलं, “अक्का, सहा कुणी फोडली हो?”

“सातवं तुझं डोकं धरते दगडोबा, मग तूच मोज.”

आठ वर्षं हे असं चाललं. नेम तिचा, नाव त्यांचं. मी कुणाला बोललो नाही. म्हणजे चार-पाच जणांना सोडून.

मग लातूर जिल्हा झाला. कचेऱ्यांवरच्या उस्मानाबादच्या पाट्या पुसल्या, लातूरच्या चढल्या. आम्हाला वाटलं जिल्हा जवळ आला तर सगळंच जवळ येईल. पाऊस तेवढा लांब गेला. तळं आटलं, विहिरी आटल्या, कुंभारानं चाक भिंतीला टेकवून ठेवलं, कारण माती भिजवायला पाणी कुठून आणणार? त्यातच नवा कायदा आला, की एका माणसाला तीनच हत्यारं ठेवता येतील. अप्पा तोवर खाटेवर. पाचांतल्या कुठल्या दोन द्यायच्या हे ठरवता ठरवताच ते गेले. पाचही रायफली पोलीस ठाण्यात जमा झाल्या.

तेराव्याच्या आत लेक वीरण्णा लातूरहून कागद घेऊन आला. वीरण्णाचा धंदा टेबलखुर्च्यांचा. नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या, नव्या कचेऱ्यांना नव्या खुर्च्या, त्यामुळं त्याचं बरं चाललं होतं आणि जुन्या वस्तूकडं बघण्याची त्याची नजर जरा अधूच झाली होती. त्यानं हैदराबादच्या एका बंदूकवाल्याशी बोलणं करून ठेवलं होतं. पाच जुन्या द्यायच्या, एक नवी कोरी घ्यायची, परवाना वीरण्णाच्या नावावर.

“अव्वा, सही कर की. एका दमात पाच गोळ्या. धूर न्हाई, धक्का न्हाई.”

“आन् ह्या पाच?”

“भंगार हाय गं ते. काडतुसं तरी मिळत्यात का त्याला? बाबा घरी पुंगळ्या भरत बसायचे. आता कोण भरणार?”

“मी.”

“लोक हसतील, अव्वा.”

“सुम्निर!”

कानडीत ह्याचा अर्थ ‘गप बस’. पण तो अक्काच्या तोंडून आला की ज्याला कानडी येत नाही तोही गप बसतो. सही झाली नाही. उलट दुसऱ्या दिवशी अक्का स्वतःच ठाण्यात गेली आणि वारस म्हणून तीन रायफलींच्या परवान्याचा अर्ज देऊन आली.

ठाण्यातले शिपाई हसले, फौजदारसाहेब हसले नाहीत. माणूस सरळ होता. म्हणाले, “बाई, चालवता येत असेल तर मी शिफारस करतो. येत नसेल तर करणार नाही. तुमच्या मुलाचाही अर्ज माझ्याकडं आहे. मंगळवारी सकाळी तळ्यात या, चालवून दाखवा. नाही जमलं, तर पाचही त्याच्या व्यापाऱ्याला जातील.”

मंगळवारी तळ्याच्या कोरड्या भेगाळ बुडात सत्तर पावलांवर डालड्याचा डबा ठेवला. गाडगं त्या वर्षी फोडायला कोण देणार! शिपायांनी ठाण्यातल्या पाचही रायफली आणून मांडल्या, अक्कानं घरी भरलेल्या काडतुसांची पिशवी आणली. बांधावर सगळं गाव. रोजगार हमीच्या खडीवरची माणसंसुद्धा मुकादमाला चुकवून आली होती. मी पुढच्या रांगेत.

आधी हैदराबादच्या माणसानं पेटी उघडली. नवी रायफल अशी चमकत होती की बायकांनी तिच्यात तोंड बघावं. फौजदारांच्या देखत वीरण्णानं पाच बार काढले. जन्मात दुसऱ्यांदा हातात धरली होती म्हणे, तरी तीन लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवायला लागलो, तेवढ्यात अक्कानं वळून बघितलं. मग मी डास मारल्यासारखं केलं.

साहेबांना उत्साह आला. “थांबा, ही जुनी आधी मीच बघतो. फुटायबिटायची नाही ना?” म्हणत त्यांनी मार्टिनी उचलली, छान उभे राहिले, डब्याच्या मध्यावर नेम धरला. धडाड्! एवढा धूर झाला की काही दिसेना. धूर निवळला तेव्हा डबा जागच्या जागी, साहेबांची टोपी खाली, आणि उजवीकडं लांब मातीचा फवारा. पुन्हा एक बार. पुन्हा उजवीकडं.

व्यापारी खांदे उडवून म्हणाला, “मी सांगितलंच होतं साहेब. वजनावर घ्यायचा माल आहे.”

अक्का बसली. चुंबळ केली, काडतूस घातलं, श्वास सोडला, चाप ओढला. टच्. एवढाच आवाज. काडतूस फुसकं. बांधावर हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, “अक्का, फुंकर मारून बघा!” तो कुणीतरी मीच होतो, आता लपवून काय करू?

तिनं वर बघितलं नाही. खालचा दांडा ओढला, फुसकं काडतूस पडलं ते पिशवीत ठेवलं, दुसरं घातलं. आणि नेम धरला तो भलत्याच ठिकाणी. डब्याच्या डावीकडं एक काळा दगड होता, त्यावर. माझ्या शेजारचा हळहळला, “अरेरे, म्हातारीलाबी दिसत न्हाई की!”

धडाड्! डबा गिरक्या घेत उडाला.

शिपाई पळत जाऊन डबा उभा करून आला. पुन्हा दगडावर नेम, पुन्हा डबा आडवा. मग सैल चापाची घेतली. तिचा पहिला बार हुकला. अक्का म्हणाली, “हिला ऊन सोसत न्हाई,” आणि दुसरा बरोबर घातला. तारेनं बांधलेलीनं पहिल्याच झटक्यात. आता बांधावर असं शांत झालं की वेशीतल्या टँकरची धार ऐकू यावी.

वीरण्णा पुढं आला. रागात नव्हता, जरा वरमलाच होता. “अव्वा, एकदा नवी तर धरून बघ. माझ्यासाठी.”

“आण की.”

तिनं नवी घेतली, या वेळी नेम सरळ डब्यावर. पहिला लागला. दुसरा लागला. रायफल मांडीवर ठेवून तिनं दस्त्यावरून हात फिरवला. “लोण्यावानी हाय. खांद्याला कळतबी न्हाई. खोटं कामून बोलू, लई चांगली हाय.”

वीरण्णाचा चेहरा फुलला. व्यापाऱ्यानं खिशातून पेन काढलं.

फौजदार टोपी झटकत म्हणाले, “बाई, मी तीनांची शिफारस करतो. कायदा तीनच म्हणतो. कुठल्या ठेवायच्या ते तुम्ही ठरवा. नवी घ्यायची तर तीही त्या तीनांतच.”

अक्का उठली. पितळी नक्षीच्या त्या दोन देखण्या सरळ रायफली एकेक करून उचलल्या आणि व्यापाऱ्यासमोर ठेवल्या. “ह्या घेऊन जा.” नवीसुद्धा त्याच्या पेटीत ठेवून वर झाकण लावलं. आणि मार्टिनी, सैल चापाची आणि तारेनं बांधलेली, अशा तिन्ही आपल्या पायाशी ओढून घेतल्या.

व्यापाऱ्यानं पेन परत खिशात घातलं. वीरण्णानं कपाळाला हात लावला. साहेबांना मात्र राहवलं नाही. “बाई, तुम्हीच म्हणता नवी चांगली. तुमच्या त्या दोनही सरळ होत्या. मग चांगल्या सगळ्या देऊन ह्या वाकड्या कशाला ठेवता?”

नागम्माअक्का पदर झटकत म्हणाली, “चांगल्या कुणाच्याबी हातात सरळ जात्यात साहेब, त्यांचं माझ्याबिगर काय अडलंय? ह्या तिघी माझ्याबिगर कुणाचं ऐकत न्हाईत.”